पोथी समोर, माणूसही समोर



दत्तभक्ताच्या घरी गुरुचरित्राची पोथी असते, ती वाचलीही जाते. पण स्वतःसाठी वाचणे वेगळे आणि चार माणसांना बसवून वाचून दाखवणे वेगळे. स्वतःसाठी वाचताना एखादी ओवी मनाला लागली, तर ती आपली आपल्याला लागते. दुसऱ्यांसाठी वाचताना आवाज आपला असतो आणि लागते दुसऱ्याला. मग प्रश्न पडतो की वाचणाऱ्याचे पहिले देणे कोणाचे? पोथीचे, की समोर बसलेल्या माणसाचे? पोथीतले एखादे वचन ऐकणाऱ्याला दुखवणारे असेल तर ते वाचावे का? वाचले तर त्यावर बोलावे का? आणि बोलावे तर काय?

हा प्रश्न सोलापुरात मला कधी पडला नव्हता. इथे ऐकणाऱ्याला ऐकायची सवय आहे. गुरुवारी एसटीने अक्कलकोट, पौर्णिमेला रेल्वेने गाणगापूर रोड स्टेशन आणि तिथून पुढे गाणगापूर, ही आपल्या लोकांची पायवाट झालेली आहे. कानावर आजवर इतके काही पडले आहे की काय घ्यायचे आणि काय ऐकून सोडून द्यायचे, हे न शिकवता कळते. सोडून दिलेल्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याची पंचाईत होत नाही.

पंचाईत झाली ती न्यू जर्सीत. 2023 च्या जूनअखेर मी मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेले. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, त्यात सोलापूरची, म्हणजे अक्कलकोट-गाणगापूरच्या वाटेवरची. तिथल्या आठ-नऊ मराठी कुटुंबांनी गळ घातली, "काकू, तुम्ही आहात तोवर गुरुचरित्र समजावून सांगा." सप्ताहाचे सोवळे, एकभुक्त, चटईवर झोपणे हे नोकरी सांभाळून सगळ्यांना जमणारे नव्हते. म्हणून याला पारायण म्हणायचे नाही, अभ्यास म्हणायचे, असे ठरले. अवतरणिका धरून पोथीचे 52 अध्याय. 2 जुलैपासून 24 डिसेंबरपर्यंत रविवार मोजले, ते बरोबर 26 भरले. दर रविवारी दोन अध्याय. दत्तजयंती 26 डिसेंबरला होती. हिशेब इतका चोख जमला की सगळ्यांना तो शुभशकुनच वाटला.

पहिल्या काही अडचणी हसून सोडून देण्यासारख्या होत्या. पहिल्याच दिवशी धूप घातला आणि छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. तेव्हापासून दत्तगुरूंना तिथे नुसत्या फुलांवर भागवावे लागले. एका घरी पाळलेला कुत्रा होता. पोथी उघडायच्या वेळी तो आत आला, तेव्हा एक आजोबा म्हणाले, "त्याला आधी बाहेर काढा." घरातली सात वर्षांची मुलगी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाली, "पण याच्याकडे तर चार आहेत!" सगळे हसले, कुत्रा दाराशी बसून राहिला, आणि त्या दिवशीचे अध्याय बिनबोभाट पार पडले.

बायकांनी ही पोथी वाचू नये, असा दंडक काही परंपरांत सांगतात. आमच्या घरात सासूबाई दर मार्गशीर्षात वाचायच्या. एका गृहस्थांनी पहिल्याच रविवारी हा विषय काढला. मी म्हटले, "तुमच्याकडे नसेल चालत तर तुम्ही वाचा, मी ऐकते. ऐकायला तर बंदी नाही ना?" त्यांनी दोन रविवार वाचले. तिसऱ्या रविवारी, दोन ओव्या अडखळल्यावर, त्यांनी आपणहून पोथी माझ्यापुढे सरकवली. वाद झाला नाही. त्यांचे मत बदलले की नाही, हे मी विचारले नाही.

मुलांची अडचण भाषेची होती. एक मुलगा म्हणाला, "आजी, माझं मराठी खराब आहे, मी बसून काय करू?" त्याला मी सांगितले की ज्यांनी ही पोथी लिहिली ते सरस्वती गंगाधर सुरुवातीलाच सांगतात की आपल्याला मराठी नीट येत नाही. ते कन्नड मुलुखातले. एकेचाळिसाव्या अध्यायात त्यांनी कन्नड पदे तशीच ठेवली आहेत. महाराष्ट्रातल्या घराघरांत वाचली जाणारी ही पोथी मराठी कच्चे असणाऱ्याच्या हातची आहे, हे ऐकून तो मुलगा पुढच्या रविवारपासून अगदी पुढे येऊन बसू लागला. सोलापूरच्या माणसाला यात नवल नाही. आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू नांदतात आणि देवाला सगळ्या कळतात.

खरा प्रश्न उभा राहिला तो 1 ऑक्टोबरच्या रविवारी. त्या दिवशी सत्ताविसावा आणि अठ्ठाविसावा अध्याय होता. कथा तुम्हाला ठाऊक आहे. विद्येचा ताठा चढलेले दोन ब्राह्मण वाद घालायला गाणगापुरी येतात. श्रीगुरू रस्त्याने जाणाऱ्या एका पतिताला बोलावतात. जमिनीवर सात रेषा ओढायला लावतात. एकेक रेषा ओलांडेल तसतसा त्याला एकेक मागचा जन्म आठवतो, आणि सातवी ओलांडल्यावर तो वेदज्ञ होऊन उभा राहतो. गर्विष्ठांचा गर्व उतरतो. इथवर ऐकताना सगळ्यांना आनंद होतो. पण कथा इथे थांबत नाही. श्रीगुरू त्याला हा जन्म का आला ते सांगतात, कोणत्या पापाने कोणती योनी याची सगळी यादी येते. तो आता घरी जायला तयार नसतो. बायको-मुले न्यायला येतात तर त्यांना जवळ येऊ देत नाही. मग त्याच्या अंगावर पाणी ओतले जाते, भस्म धुऊन जाते, तो सगळे विसरतो आणि बायको-मुलांबरोबर चालू लागतो.

एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "मग ते भस्म धुतलं कशाला?" मी पोथीत आहे ते सांगितले, की त्याचा संसार होता, मुले रडत होती, त्यांना बाप हवा होता. तिला ते थोडे पटले. तेवढ्यात मागच्या बाजूने एका तरुणाने विचारले. दर रविवारी बायकोला गाडीतून घेऊन येणारा, कधी न बोलणारा असा तो होता. तो म्हणाला, "काकू, तो परत गेला म्हणजे कुठं गेला?"

मी म्हटले, "घरी."

"घर कुठं होतं त्याचं?"

कोणी काही बोलेना. मग तोच म्हणाला, "आमच्याकडे ही पोथी नव्हती. ही हिच्या माहेरची आहे."

खोलीतल्या प्रत्येकाला समजले. तिथे कोणी कोणाची जात विचारत नाही. विचारत नाहीत म्हणून ती नसते असे नव्हे. कोणीतरी उठून म्हणाले, "चहा टाकू का?" कोणीतरी खिडकीबाहेर पाहू लागले. पोथी माझ्या मांडीवर उघडी होती.

अशा वेळी वाचणाऱ्यापुढे तीन पळवाटा असतात. तिन्ही मी प्रवचनांतून ऐकलेल्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिली पळवाट रूपकाची. सात रेषा म्हणजे सात चक्रे, पतित म्हणजे जीव, भस्म म्हणजे ज्ञान. असा अर्थ लावता येतो, आणि एकट्याने चिंतन करताना तो उपयोगीही पडतो. पण ज्याने "घर कुठं होतं?" असे विचारले, त्याला चक्रे सांगणे म्हणजे त्याचा प्रश्न ऐकलाच नाही असे सांगणे आहे.

दुसरी पळवाट काळाची. "तो काळच तसा होता." हे खरे आहे. नृसिंहसरस्वतींचा काळ पाच-सहा शतकांपूर्वीचा. पण कोणत्या पापाने कोणता जन्म, हे आजही लग्नाच्या बैठकीत आणि शेजाऱ्याच्या आजारपणात बोलले जाते. काळ बदलला म्हणायचे आणि वाक्य मात्र वापरत राहायचे, हे चालणार नाही.

तिसरी पळवाट गाळण्याची. हा भाग वाचायचाच नाही. परदेशात धर्मग्रंथ सांगणाऱ्यांपुढे हा मोह पूर्वीपासून आहे. बडनेऱ्याचे श्री पुरोहित स्वामी दत्तभक्त होते. 1930 च्या दशकात ते इंग्लंडात होते. 1932 साली त्यांचे आत्मचरित्र लंडनला प्रसिद्ध झाले, त्याची प्रस्तावना कवी येट्स यांची. पुढे दोघांनी मिळून दहा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले, ते 1937 साली आले. त्यात बृहदारण्यक आणि छांदोग्य ही मोठी उपनिषदे पूर्ण न देता त्यांतले वेचे दिले आहेत. नव्या वाचकाच्या हाती पुस्तक देणाऱ्याला एवढी निवड करायचा अधिकार आहे, असे मी मानते. पण समोरासमोर बसून "आपण सगळी पोथी वाचू" असे सांगितल्यावर मधलाच भाग गाळायचा, म्हणजे समोरच्याला काय सोसेल हे आपणच ठरवायचे. आणि ज्याच्यासाठी गाळायचे, त्याला ते बहुतेक आधीपासून माहीत असते. त्याच्या आजोबांनी ते सोसलेले असते.

मी त्या तरुणाला म्हटले, "घर गावाबाहेर असणार. पोथी ते सांगत नाही, पण तसंच असणार. आणि हे मला पटत नाही. मी ही पोथी रोज डोक्याला लावते, तरी हे पटत नाही."

तो म्हणाला, "पटवून द्या असं म्हणत नव्हतो. कुणी विचारत नाही म्हणून विचारलं."

चहा झाला. पुढच्या रविवारी तो आला, नेहमीच्या जागी बसला.

पोथी डोक्याला लावायची आणि तिच्यातले एखादे वचन पटत नाही म्हणायचे, हे दोन्ही एका माणसाला शोभते का? सोलापूरला परतल्यावर एका परिचितांनी मला हेच विचारले. "श्रद्धा म्हणजे सगळं मानणं. निवडून मानायचं असेल तर मग भाजी मंडईत जा." त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. निवडायला लागलो की आपल्या सोयीचे तेवढे उरते, ही भीती खरी आहे.

याचे उत्तर मला दत्तसंप्रदायातच सापडते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. आपण दत्तजयंतीला ते मोठ्या कौतुकाने ऐकतो. पण त्या गुरूंकडून ते काय घेतात ते पाहा. पृथ्वीकडून सहनशीलता घेतात, ती घेण्यासारखी. कबुतराकडून मात्र ते, आसक्तीने कसा नाश होतो आणि म्हणून काय करू नये, ते घेतात. पतंग, हरिण, मासा यांच्याकडूनही तसेच. तरी ते सगळे गुरूच. भुंग्याचे तर अधिकच मजेशीर आहे. लहानमोठ्या फुलांतून थोडा थोडा रस घ्यावा, तसे शाणपण सगळ्या शास्त्रांतून सार घेण्यात आहे, असे ते भुंग्याकडून शिकतात. आणि साठवत बसू नये, साठवणारी मधमाशी साठ्यासकट जाते, हेही त्याच मधुकराकडून. म्हणजे एकाच गुरूकडून एक गोष्ट घ्यायची आणि एक टाळायची. यात गुरूचा अपमान अवधूतांना दिसला नाही. गाणगापुरात आजही भक्त दुपारी मधुकरी मागतात, तो शब्दही त्या मधुकराचाच. पाच घरी थोडे थोडे घ्यायचे, एकाच घरी पोट भरायचे नाही.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. अवधूतांनी हे चोवीस धडे स्वतःसाठी घेतले. कबुतराला जाऊन त्यांनी "तू आसक्त आहेस" असे सुनावले नाही. यदूने विचारले तेव्हा सांगितले, आणि सांगितले ते आपण काय शिकलो एवढेच. सोयीने निवडायची भीती जिथे आहे, तिथे हीच कसोटी लावावी, असे मला वाटते. पोथीतले कठोर वचन स्वतःकडे तोंड करून वाचावे, दुसऱ्याकडे तोंड करून नाही. सात रेषांचा अध्याय मी स्वतःकडे तोंड करून वाचला, तर तो मला विचारतो की तू ज्या रेषेच्या आत जन्मलीस, ती ओढली कोणी, आणि ती पुसायला तू काय केलेस? हा प्रश्न माझ्या सोयीचा मुळीच नाही. तोच अध्याय त्या तरुणाकडे तोंड करून वाचला, तर त्याला फक्त त्याची जागा दाखवली जाते. ओव्या त्याच असतात, पण वाचणाऱ्याचे तोंड कुणीकडे आहे यावर त्यांचे औषध होते किंवा घाव होतो.

हा विचार माझ्या स्वतःवर पारखायची वेळ पंधरा दिवसांतच आली. 15 ऑक्टोबरला घटस्थापना होती, आणि हिशेबाप्रमाणे त्या रविवारी अध्याय एकतिसावा आणि बत्तिसावा. पतिव्रतेचे आचार आणि विधवेचे आचार. माझे यजमान 2019 मध्ये गेले. एक सद्गृहस्थ सकाळीच फोनवर म्हणाले, "काकू, आज घट बसलेत. हे दोन अध्याय पुढे कधीतरी घेऊ या का?" त्यांच्या मनात माझ्याबद्दल माया होती, हे मला कळत होते. मी म्हटले, "माझ्यासाठी गाळत असाल तर नका गाळू. मीच वाचते."

वाचले. एक वेळ जेवणे, पलंगावर न निजणे, केस न राखणे, रंगीत न नेसणे. मी निळी इरकल नेसून, केस विंचरून, खुर्चीवर बसून ते वाचत होते. गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, पुरुष तर नाहीच. संपल्यावर मी सांगितले की माझ्या चुलत आजीने लाल आलवणात पन्नास वर्षे काढली, मी काढली नाहीत. या दोन आयुष्यांच्या मध्ये पोथी बदलली नाही, माणसे बदलली. 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला. स्वामी समर्थ अक्कलकोटात आले तेही त्याच सुमाराला. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केले आणि 1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. आणि परवा परवाचे सांगायचे तर मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसे करायचे आवाहन केले. या चळवळीमागे आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे होते. हेरवाड शिरोळ तालुक्यात आहे, आणि श्रीगुरूंची नृसिंहवाडीही शिरोळ तालुक्यातच. ज्या मातीत दत्तपादुका, त्याच मातीत हा ठराव. ज्यांनी हात वर केले त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी गुरुचरित्र असेल. त्यांनी पोथी गाळली नाही आणि फाडलीही नाही. त्यांनी स्वतःकडे तोंड करून विचारले, की आपण आपल्या घरातल्या बाईशी कसे वागतो?

कथा पुढे सरकली. माहूरच्या त्या तरुण सुनेचा, सावित्रीचा नवरा गाणगापुरात येऊन मरतो. एक योगी येऊन तिला दोन वाटा सांगतात. एक नवऱ्याबरोबर जाण्याची, दुसरी वैधव्याच्या आचाराची. ती सती जायला निघते, त्याआधी श्रीगुरूंना नमस्कार करते, आणि ते सौभाग्याचा आशीर्वाद देतात. नवरा उठून बसतो. पोथी पुढे सांगते की तो योगीही श्रीगुरूच होते, तिची निष्ठा पाहायला आलेले. म्हणजे दोन वाटा सांगितल्या त्यांनीच, आणि वेळ आली तेव्हा दोन्ही बाजूला ठेवून तिसरी दिली तीही त्यांनीच. हे मी सांगितले आणि सगळ्यांना हायसे वाटले. मलाही वाटले.

तेवढ्यात माझा नातू, नऊ वर्षांचा, म्हणाला, "आजी, मग आजोबांच्या वेळी तू गुरूंना सांगितलं नाहीस का?"

सहा महिन्यांत इतकी शांतता त्या खोलीत दुसऱ्यांदा झाली नाही. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली.

मी म्हटले, "सांगितलं होतं रे."

"मग?"

"मग नाही झालं."

त्याने मान हलवली आणि पोथीतल्या चित्राकडे पाहू लागला. मुलांना तेवढे उत्तर पुरते. मोठ्यांना पुरत नाही. नंतर एक बाई हळूच म्हणाल्या, "काकू, प्रारब्ध असतं एकेकाचं." दुसऱ्या एकांनी समजूत घातली, की श्रीगुरूंची इच्छा कळत नाही. दोघांचे शब्द खोटे नाहीत. दवाखान्याच्या बाकावर बसून मीही तेच शब्द स्वतःला सांगितले होते, आणि त्यांनी मला धीर दिला होता. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तेच शब्द टोचले. प्रारब्ध हा शब्द आपण आपल्याला लावला तर मलम होतो, दुसऱ्याला लावला तर डागणी. सगळ्यांत वाईट उत्तर म्हणजे "श्रद्धा कमी पडली असेल." ते तिथे कोणी दिले नाही, त्याबद्दल मी त्या मंडळींची ऋणी आहे. पण आपल्याकडे ते दिले जाते. मूल न होणाऱ्या सुनेला दिले जाते, कर्करोग झालेल्याला दिले जाते. चमत्काराचा अध्याय वाचून दाखवणाऱ्याने हे नक्की धरून चालावे की ऐकणाऱ्यांत कोणीतरी असा असणार, ज्याने हात जोडले होते आणि ज्याचा माणूस उठून बसला नाही. त्याच्याकडे बघून चमत्कार सिद्ध करायला जाऊ नये. पोथीत सावित्रीचा नवरा उठला. माझा उठला नाही. मी दोन्ही खरे धरून नमस्कार करते. तो नमस्कार कसा होतो, हे मला समजावून सांगता येणार नाही. तो होतो, एवढे खरे.

म्हणून जे कोणी दत्तमंडळात, सोसायटीत किंवा परदेशातल्या घरी पोथी वाचून दाखवतात, त्यांना मी तीन गोष्टी सुचवीन. पोथीत काय आहे आणि आपल्याला काय वाटते, हे वेगवेगळे सांगावे; दोन्हींची भेसळ करू नये. समोरच्याचे दुःख पोथीतल्या वचनाला उदाहरण म्हणून वापरू नये. उदाहरण द्यायचेच तर आपले द्यावे. आणि उत्तर येत नसेल तेव्हा चहा टाकायला उठू नये. प्रश्न विचारणाऱ्याला तेवढा वेळ आपल्या प्रश्नाबरोबर एकटे सोडू नये, आपणही बसून राहावे.

प्रश्न विचारल्याने पोथीचा मान कमी होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी पहिलाच अध्याय पुन्हा काढून बघावा. गाणगापूरच्या वाटेवर थकलेला नामधारक श्रीगुरूंवर चक्क रुसतो, त्यांना बोल लावतो. पुढे सिद्ध त्याला भेटतात ते याच संशयी, रुसलेल्या माणसाला. ते त्याला हाकलून देत नाहीत. तो विचारतो, ते सांगतात. तो पुन्हा विचारतो, ते पुन्हा सांगतात. अख्खी पोथी अशी पुढे जाते. नामधारकाने विचारणे थांबवले असते, तर आपल्या हाती एकच अध्याय आला असता.

।। श्रीगुरुदत्तार्पणमस्तु ।।